जुन्या एकबारी पॉइंट टू-टू रायफलींची उभ्यानं मॅच आपल्याकडं भरवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ऑलिंपिकला ब्राँझ मिळवलं तेव्हा तुमच्या पेपरात जो फोटो आला होता तो मी कापून ठेवलाय. त्या दिवशी दुपारी गल्लीतली सगळी आमच्या टीव्हीसमोर आणि मी वहीत आकडे लिहीत बसलेलो. गुडघ्यावर 153.3, नंबर सहावा. मग झोपून 156.8, तेव्हा पाचवा. मग उभं राहायची पाळी आली आणि तिथं पोरगं एकेक गोळीनं वर सरकत तिसऱ्या नंबरावर आलं आणि 451.4 वर मेडल पक्कं झालं. म्हणजे बघा, मेडल उभ्या पोझिशननं मिळवून दिलं, जिथं जमिनीचा आधार नाही, कोपराला टेकू नाही, नुसते दोन पाय आणि श्वास. हे मला तेव्हाच लिहायचं होतं पण राहून गेलं, आता लिहितोय त्याला एक कारण घडलं.

मी 26 वर्षं एका ज्युनिअर कॉलेजात शिकवलं आणि सोबत एनसीसी बघितली. फायरिंगचा दिवस म्हणजे पोरांना दिवाळी. 25 यार्डांची शॉर्ट रेंज, अंगाखाली ग्राउंडशीट, पाच-पाच गोळ्या, मग टार्गेट काढून आणायचं आणि ग्रुप, म्हणजे पाची गोळ्यांची भोकं, किती इंचात बसला ते मोजायचं, बस. सगळं झोपून. शेकडो पोरं माझ्या हाताखालून गेली असतील पण उभं राहून नेम धरायला मी एकालाही शिकवू शकलो नाही, गोळ्या मोजक्याच यायच्या आणि दिवस एकच मिळायचा, आणि झोपून मारलं की निदान सगळ्यांच्या गोळ्या कागदावर तरी लागतात. हे शल्य मनात होतंच.

गेल्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर मुलीकडं राहिलो, ती अमेरिकेत मिलवॉकीजवळ असते. तिच्या शेजारी एक ऐंशीच्या घरातले आजोबा राहतात, एकटेच, त्यांना मी एनसीसीचा म्हटल्यावर त्यांनी मला ऑक्टोबरातल्या एका रविवारी गाडीत घातलं आणि तास-दीड तासावरच्या एका छोट्या रायफल क्लबात नेलं. मक्याची शेतं, कापणी झालेली, त्याच्या कडेला पत्र्याची लांब शेड, मागं मातीचा उंच बांध. शेडमध्ये शेगडी पेटलेली, कॉफीचा मोठा डेचका, आणि भिंतीला लाकडी घोडीवर ओळीनं 20-22 रायफली उभ्या करून ठेवलेल्या, सगळ्यांचे ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं तोंड, उघडे, प्रत्येकीत पिवळी प्लास्टिकची पट्टी खोचलेली, म्हणजे आत काडतूस नाही हे लांबूनच दिसतं. त्यातली एकही रायफल पन्नास वर्षांच्या आतली नव्हती. बऱ्याचशा शंभरी ओलांडलेल्या. सगळ्या पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंच बोअरच्या, आणि सगळ्या एकबारी, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या. मॅगझिनवालीला, म्हणजे एकदम बरीच काडतुसं भरून ठेवता येणारीला, त्या दिवशी तिथं प्रवेशच नाही. आणि सगळी मॅच उभ्यानं, पन्नास यार्डांवर.

मी हातात घेतली नाही हे आधीच सांगतो. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या माणसाला तिथल्या कायद्यानं बंदूक हाताळायला बंदी आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे काढलं तर गोष्ट वेगळी. आजोबांना ते माहीत होतं, त्यांनी मला सरळ दुर्बिणीवर बसवलं आणि हातात पाटी-पेन्सिल दिली, तू मार्किंग कर म्हणाले. चार तास मार्किंग केलं, आणि त्यामुळं प्रत्येक नेमबाजाला मी शांतपणे, जवळून बघितलं, जे स्वतः मारत असतो तर बघितलं नसतं.

आजोबांची रायफल स्टीव्हन्स आयडियल, 44 नंबरचं मॉडेल. त्यांच्या वडिलांची. दस्त्याला मागं चंद्रकोरीसारखा खोल लोखंडी बट, तो दंडात अडकतो. खाली चाप-कडीचाच लिव्हर, तो पुढं ढकलला की आतला ठोकळा खाली घसरतो आणि नळीचं तोंड उघडं पडतं. आजोबांची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, ते डब्यातून एक काडतूस उचलायचे, अंगठ्यानं आत सारायचे, लिव्हर ओढायचे, खट्ट. मग घोडा चढवायचा. मग डावं कोपर बरगडीला लावून, रायफल वर, एक श्वास, दुसरा श्वास, तिसरा अर्धा सोडून थांबायचे. आणि दहातल्या चार-पाच वेळा न मारताच रायफल खाली घ्यायचे. घोडा उतरवून, परत पहिल्यापासून. मी दुर्बिणीतून डोळा काढून त्यांच्याकडं बघायचो तर चेहऱ्यावर काही चिडचिड नाही, घाई नाही. दहा गोळ्यांना अर्धा तास वेळ होता, त्यांनी 27 मिनिटं घेतली. 250 पैकी 214 झाले. खाली बसल्यावर ते म्हणाले, जी गोळी मारली नाही ती माझी आजची सगळ्यात चांगली गोळी होती. मला हे वाक्य आमच्या सगळ्या कॅडेट्सना ऐकवायचंय.

आता हे 250 कसले ते सांगतो. त्यांच्या टार्गेटवर दहाच्या ऐवजी 25 वर्तुळं असतात, मधल्याला 25 गुण, बाहेर जाईल तसा एकेक कमी, दहा गोळ्यांचे जास्तीत जास्त 250. मूळचं हे जर्मन टार्गेट, 200 यार्डांसाठी, आणि छोट्या अंतराला त्याच मापात लहान करून छापतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि स्विस लोक बोटी भरभरून अमेरिकेत गेले, मिलवॉकी तर त्यांचंच गाव म्हणायचं, तेव्हा त्यांनी आपल्या गावाकडची नेमबाजीची जत्रा सोबत नेली. शुट्झन म्हणतात तिला. रविवारी बायकापोरांसकट मैदानावर जायचं, बँड, जेवण, बिअर, आणि पुरुष मंडळी 200 यार्डांवर उभ्यानं मारणार, जो जिंकेल तो वर्षभराचा राजा. आपल्याकडं जत्रेच्या कुस्त्यांचं मैदान असतं ना, तसंच सगळं वातावरण. न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत त्यांचे क्लब होते, स्वतःची पार्कं होती.

त्या जत्रांमुळं अमेरिकेत एकबारी रायफल कुठच्या कुठं गेली. स्टीव्हन्स, बॅलार्ड, रेमिंग्टन, विंचेस्टर सगळे तिच्यामागं. विंचेस्टरची 1885 सालची जी एकबारी आहे ती मुळात जॉन ब्राउनिंगची, त्यानं 1879 ला पेटंट घेतलं आणि नंतर कंपनीनं ते विकत घेतलं. आणि नळ्या करणारे कारागीर तर वेगळेच. हॅरी पोप म्हणून एक होऊन गेला, 1861 चा जन्म, 1950 ला वारला, त्यानं आतून आटे पाडलेल्या नळीला अजून लोक हात लावून नमस्कार करतात म्हणा ना. आपल्याकडं मिरजेच्या सतारमेकरांच्या घरचा तंबोरा म्हटल्यावर गवई जसा कान टवकारतो तसं तिथं पोपची नळी म्हटल्यावर. या माणसानं 1906 ला सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं आणि थोड्याच दिवसांत तिथला तो मोठा भूकंप आणि आग, सगळं गेलं, पण परत पूर्वेकडं येऊन म्हातारपणापर्यंत नळ्या करत राहिला.

मग 1917 ला अमेरिका महायुद्धात उतरली आणि जे जे जर्मन त्याच्यावर लोकांची वाकडी नजर पडली, शुट्झनचे क्लब बंद झाले, नावं बदलली, पार्कं गेली. रायफली माळ्यावर गेल्या. 1948 ला काही लोकांनी एकत्र येऊन अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशन काढली आणि माळ्यावरच्या रायफली खाली आल्या. म्हणजे मधे तीस वर्षं परंपरा जवळजवळ तुटलेली आणि ती काही हौशी लोकांनी परत जोडली, सरकारनं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय.

मोठ्या बोअरची रायफल 200 यार्डांवर मारायची तर मोठं मैदान पाहिजे, शिसं ओतायचं, दारू भरायची, खर्च. पॉइंट टू-टूला यातलं काही नाही. आवाज कमी, धक्का नाहीच, छोटी रेंज पुरते, आणि काडतूस स्वस्त. हिला रिमफायर का म्हणतात तर पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत फिरवलेला असतो, घोड्याची सुई त्या कडेवर आपटते. आज जगभर 50 मीटरला जे पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस चालतं, कुसाळेनं ज्यानं मेडल मारलं, ते स्टीव्हन्स कंपनीनं 1887 मध्ये काढलेलं आहे. म्हणजे आजोबांच्या हातातली जुनी रायफल आणि ऑलिंपिकची लाखो रुपयांची रायफल एकच काडतूस खातात! मला ते ऐकून फार बरं वाटलं. अंतर कारागिरीचं आहे, खेळ तोच आहे.

आणि शिकवायला जुनी रायफल उलट जास्त चांगली, असं माझं मत झालंय. कारण बघा, त्या 44 नंबरचा घोडा जड आहे. चाप ओढल्यापासून घोडा पडून गोळी नळीबाहेर जाईपर्यंत जो क्षण लागतो तो नव्या रायफलीपेक्षा मोठा असतो, आणि तेवढ्यात जर तुम्ही हात सैल सोडला, की लागली का बघायला मान वर केली, तर गोळी वर्तुळाबाहेर. त्यामुळं बार झाल्यावरसुद्धा नेम धरून ठेवायची सवय ती रायफल लावते, आपोआप. नव्या मशीनसारख्या रायफलीत ही चूक थोडी झाकली जाते, जुनीत लगेच कागदावर दिसते. शिवाय अंगात कडक जॅकेट नाही, खास बूट नाहीत, रायफल हाताला आवळायचा पट्टा नाही. तिथं एक बाई लोकरीचा स्वेटर घालून मारत होत्या, बटाट्याच्या शेतातून थेट आल्या होत्या, बुटाला माती. 221 मारले. त्या दिवशीचे सगळ्यात जास्त.

त्या दिवसातलं खरं कारण आता सांगतो ज्यासाठी हे पत्र. तिसऱ्या फेरीला एकानं कव्हरातून रायफल काढली आणि मी जागेवरून उठलो. बीएसए या इंग्लिश कंपनीची मार्टिनी, तीही एकबारी पॉइंट टू-टू. बाजूला छाप, तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या. तीच रायफल आमच्या काकांकडं होती.

काका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना ती संस्थानात नोकरीला असलेल्या एका सरदारांकडून मिळाली होती, रीतसर लायसन्सवर. बर्मिंगहॅमची, इंग्लंडात 1901 ला कामगारांचे रायफल क्लब काढायची चळवळ झाली, गल्लोगल्ली छोट्या रेंज निघाल्या, तेव्हापासून ही मार्टिनी तिथल्या सामान्य माणसाची रायफल. हिचा घोडा बाहेर दिसत नाही, सगळं पोटात, लिव्हर खाली दाबला की ठोकळ्याचं पुढचं तोंड खाली झुकतं आणि वरून पन्हाळीसारखी वाट तयार होते, तिच्यावरून काडतूस आत घसरतं. काकांनी तिनं कधी काही मारलं नाही, फक्त मळ्यात मातीच्या ढिगाला फळी लावून त्यावर चुन्याचा ठिपका. उभ्यानंच मारायचे. खंडेनवमीला ती पाटावर यायची, झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि पूजा झाल्या झाल्या काकी ते कुंकू कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायच्या आणि काका वरून तेलाचा हात फिरवायचे, ओलं कुंकू लोखंड खातं म्हणायचे. मी आठवीत असताना मला त्यांनी एकदा हातात दिली. रिकामीच. आणि सक्त ताकीद, रिकाम्या रायफलीचा चाप ओढायचा नाही, सुई नळीच्या तोंडाच्या कडेवर आपटते आणि खड्डा पडतो. तेव्हा मला ते काकांचं खूळ वाटलेलं, पण मिलवॉकीच्या त्या शेडमध्ये भिंतीवर अगदी हाच नियम लिहिलेला होता.

काका गेल्यावर लायसन्स चुलत भावाच्या नावावर झालं. त्याच्याकडं आधीच एक बारा बोर, मळ्यात रानडुकरं आणि गवे येतात म्हणून, आणि एक रिव्हॉल्व्हर. म्हणजे तीन. डिसेंबर 2019 ला शस्त्र कायदा बदलला आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं, तिसरं वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात नाहीतर डीलरकडं जमा करायचं. भावानं कुठलं जमा केलं असेल? ज्याचा रोज उपयोग नाही ते. मार्टिनी गेली. एका डीलरकडं ठेवली, नाव लिहीत नाही. दोन वर्षांनी मी बघायला गेलो तर गोदामाच्या मागच्या भिंतीला, जिथं पावसाची ओल येते, तिथं पोत्यात गुंडाळून वीस-पंचवीस बंदुका टेकवलेल्या. पोतं सोडलं. तीन रायफलींच्या छापावर गंजाचा नारिंगी पापुद्रा. लिव्हर हलेना. नळीतून उजेडाकडं बघितलं, काकांच्या वेळी आरशासारखी चमकायची, आता आत नुसता काळोख आणि खवले. मला तिथं उभं राहवलं नाही, घरी येईपर्यंत भावाशी मी बोललो नाही. त्याची चूक नव्हती पण.

आणि आता ऐका. अमेरिकेहून आल्यावर मी ओळखीच्या वकिलांकडून कायदा नीट वाचून घेतला. ज्या कलम 3 मध्ये दोन हत्यारांची मर्यादा आहे त्याच कलमात पुढं लिहिलंय की ही मर्यादा केंद्र सरकारचं लायसन्स किंवा मान्यता असलेल्या रायफल क्लबच्या किंवा असोसिएशनच्या सदस्याला, जो पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल टार्गेट प्रॅक्टिससाठी वापरतो, त्याला लागू नाही. ही सूट 2019 च्या बदलानंतरही तशीच आहे. म्हणजे भाऊ जर अशा एखाद्या क्लबचा मेंबर असता आणि त्या रायफलीनं खरोखर टार्गेटवर मारत असता तर ती जमा करायची वेळ आली नसती!! पण तो मेंबर का होईल? क्लबात गेलं तर तिथं ऑलिंपिकची तयारी करणारी पोरं, जर्मन रायफली, इलेक्ट्रॉनिक टार्गेट, पन्नाशीच्या शेतकऱ्यानं काकांची मार्टिनी घेऊन तिथं जायचं कशाला आणि मारायची कुठल्या मॅचमध्ये? मॅचच नाही. आणि मॅच नाही म्हणून मेंबर नाही, मेंबर नाही म्हणून सूट नाही, सूट नाही म्हणून रायफल पोत्यात.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नसणार. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, विदर्भ, जुन्या वाड्यांत, इनामदारांकडं, निवृत्त फौजी लोकांकडं, जुन्या क्लबांच्या कपाटांत अशा एकबारी पॉइंट टू-टू आहेत. त्यांची किंमत मोडीत काढली तर लोखंडाच्या भावाची. ज्यांच्याकडं अजून आहेत त्यांनी कृपा करून जमा करण्याआधी जिल्ह्याच्या लायसन्स शाखेत आणि वकिलाकडं या सुटीबद्दल विचारा, लेखी उत्तर घ्या.

माझी मागणी आपल्या क्लबांकडं आणि असोसिएशनकडं आहे आणि ती फार मोठी नाही. कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे, जिथून तेजस्विनी सावंत वर गेली आणि 2010 ला म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोनची, म्हणजे झोपून मारायची, वर्ल्ड चॅम्पियन झाली. पुण्यात बालेवाडी आहे, मुंबईत वरळी आहे. वर्षातला एक रविवार द्या. जानेवारीतला असेल तर उत्तम, हवा कोरडी असते, उजेड चांगला, आणि ऊसतोडी सोडल्या तर शेतकऱ्याला जरा सवड असते. मॅचचं नाव काहीही ठेवा. नियम मी तिथं बघितलेत ते इथं चालण्यासारखे आहेत. रायफल पॉइंट टू-टू, एका वेळी एकच काडतूस घेणारी, जुन्या घडणीची. मॅगझिनवाली असेल तर मॅगझिन काढून एकेक भरायची, तिचा गट वेगळा. उभ्यानंच. पट्टा नाही, जॅकेट नाही, टेकू नाही, कोपर अंगाला लावलं तर चालेल. उघडी माशी एका गटात, पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची, दुसऱ्या गटात, दुर्बीणवाल्यांना तिसरा गट करा पण बक्षीस पहिल्या दोघांचं मोठं ठेवा. पाच गोळ्या सरावाच्या वेगळ्या कागदावर, मग दहा मोजायच्या, अर्धा तास. गोळी शिशाचीच आणि साध्या वेगाची, जुन्या रायफलीला जोराची काडतुसं घालून तिचे सांधे ढिले करायचे नाहीत. कागद एकाचा दुसऱ्यानं तपासायचा, रेषेवर लागली तर गेज लावून ठरवायचं, वाद नको.

सगळ्यात महत्त्वाचं, मॅचच्या आधी रायफल तपासायला माणूस पाहिजे. सकाळी एक तास त्यासाठीच ठेवायचा. तिथं एक निवृत्त फिटर बसले होते, टेबलावर मऊ कापड, हातात छोटी बॅटरी. प्रत्येक रायफलीचा ठोकळा घट्ट बसतो का, सुई घासलीय का, घोडा अर्ध्यावर चढवून चाप ओढला तर पडतो का, नळीत भेग किंवा फुगवटा आहे का, सगळं बघायचे आणि मगच दोरीनं बांधलेलं हिरवं कार्ड लावायचे. माझ्यासमोर त्यांनी एक सुंदर, चांदीचं नक्षीकाम असलेली रायफल परत पाठवली, तिचा घोडा अर्ध्यावर थांबत नव्हता, मालकाचा चेहरा उतरला, पण तो एक शब्द बोलला नाही आणि दिवसभर दुसऱ्याची रायफल उसनी घेऊन मारली. आपल्याकडं इचलकरंजी, कोल्हापूर, सांगलीच्या वर्कशॉपमध्ये असे हात आहेत की जे हे काम डोळे मिटून करतील, फक्त त्यांच्याबरोबर लायसन्सवाला गनस्मिथ बसवायचा.

परवानग्या लागतील हे मला माहीत आहे, 26 वर्षं फायरिंगचे कागद केलेत मी. लायसन्सची हद्द तपासायची, जिल्ह्याबाहेरून येणाऱ्याचं लायसन्स तिथं चालतं का बघायचं, पोलिसांना आधी पत्र, रायफल रिकामी आणि पेटीत बंद करूनच आणायची, काडतुसं वेगळी आणि मोजून, किती आणली, किती उडवली, किती परत नेली याची वही. ज्यांच्याकडं स्वतःची नाही त्यांना क्लबच्या लायसन्सवरची क्लबचीच रायफल रेंजवर मिळाली पाहिजे, नाहीतर हा फक्त वाडेवाल्यांचा खेळ होईल आणि मला ते नकोय. मला तिथं कॉलेजच्या पोरी पाहिजेत, निवृत्त हवालदार पाहिजेत, भाऊसारखे शेतकरी पाहिजेत.

कुणी म्हणेल हे इंग्रजांचं, जर्मनांचं, आपला काय संबंध. राष्ट्रीय रायफल असोसिएशन 1951 ला निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, मूळ घराणं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं. त्यांच्या नावानं आजही देशभरची पोरं दर वर्षी मावळंकर स्पर्धा खेळतात. मराठी माणसानं या खेळाची पायरी घातलीय, परकं काय त्यात.

बक्षिसाबद्दल एक सुचवतो. जर्मन लोकांत जिंकणाऱ्याला एक गोल लाकडी फळा देतात, त्यावर हातानं चित्र रंगवलेलं, गावातलं काहीतरी, नदी, चर्च, हरीण, आणि वर्ष आणि नाव. तो फळा क्लबच्या भिंतीला कायमचा लागतो. आजोबांच्या क्लबात असे चाळीस-एक असतील, सगळ्यात जुन्याचा रंग उडालेला, मधे गोळ्यांची भोकं, कारण त्यांच्याकडं त्याच फळ्यावर शेवटची एक गोळी मारायची पद्धत आहे. कोल्हापुरात साइनबोर्ड रंगवणारे पेंटर फ्लेक्सनं घरी बसवले, त्यांच्यातल्या एकाला बोलवा, त्याच्याकडून फळ्यावर रंकाळा रंगवून घ्या, पंचगंगेचा घाट रंगवून घ्या, प्लास्टिकची ट्रॉफी नको. दुधाळीच्या भिंतीला पहिला फळा लागलेला मला बघायचाय.

भावानं आता क्लबाचा फॉर्म भरलाय आणि मार्टिनी परत लायसन्सवर घ्यायचा अर्ज केलाय. ती नीट झाली तर झाली. लिव्हर डिझेलमध्ये आठ दिवस भिजत ठेवल्यावर हलतो असं एका जुन्या मेकॅनिकनं सांगितलंय, पण आधी कागद होऊ देत, तोपर्यंत हात लावता येत नाही.

तुमच्या पेपराच्या वाचकांपैकी कुणाकडं अशी एकबारी पॉइंट टू-टू असेल, किंवा कुठल्या क्लबच्या पदाधिकाऱ्यानं हे वाचलं असेल, तर तुमच्या पत्त्यावर मला कळवावं, तुम्ही पत्रं पुढं पाठवाल ही विनंती. रविवार कुठलाही ठरवा. दुर्बीण माझ्याकडं आहे, मार्किंगला मी येतो.

आपला,
एक निवृत्त एनसीसी शिक्षक
ता. करवीर, जि. कोल्हापूर